जुन्या स्टुलाला नवा साज



सुगी आटोपली, धान्य कोठीत पडले, की हातांना जरा उसंत मिळते. मग झाडलोट निघते आणि नजर जाते ती माळ्यावर आणि पडवीच्या कोपऱ्यात. एक पाय डुगडुगणारे स्टूल, रंग उडालेली ट्रंक, कडा झिजलेला पाट, मुलाने शाळेत असताना कर्कटकाने ओरखडलेले टेबल. टाकून द्यायला जीव होत नाही आणि बैठकीत मांडायला लाज वाटते, अशी ही मंडळी. वर्षानुवर्षे धूळ खात बसतात.

नेमक्या याच दिवसांत लग्नसराई तोंडावर असते. पाहुणे यायचे, सोयरे यायचे, म्हणून तालुक्याच्या दुकानातून टीपॉय नि खुर्च्या हप्त्याने आणायचे घाटते. पाहुणे दोन दिवसांत परत जातात, हप्ता मात्र वर्षभर घरात राहतो. आणि हप्त्याला पाऊस लांबला काय नि भाव पडला काय, काही सोयरसुतक नसते. तेव्हा नवे आणण्याआधी जुन्याकडे एकदा नीट पाहावे, असे सुचवण्यासाठी आजचा हा लेख.

कागदावरची चित्रे कापून ती लाकडावर चिकटवायची आणि वरून वार्निशाचे इतके हात द्यायचे की चित्र जणू लाकडावरच रंगवले आहे असे वाटावे, अशी ही कला आहे. तिला 'डेकूपाज' म्हणतात. फ्रेंच भाषेत कापण्याला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडले. नाव जड आहे, काम मात्र हलके आहे. ज्या हातांना कातर धरता येते आणि भिंत सारवता येते, त्या हातांना हे जमलेच पाहिजे.

कला परकी, हात ओळखीचे

अठराव्या शतकात इटलीतील व्हेनिस शहरात या कलेला मोठा बहर आला. त्या काळी चीन आणि जपानमधून येणाऱ्या, लाखेची झिलई दिलेल्या कपाटांची नि पेट्यांची युरोपातल्या श्रीमंतांना भारी हौस. पण ते सामान महाग आणि हाताने तसे रंगवणारे कारागीर थोडे. तेव्हा व्हेनिसच्या कारागिरांनी तोड काढली. छापील चित्रे आणायची, ती रंगवायची, कापायची, कपाटावर चिकटवायची आणि वर झिलईचे हातावर हात चढवायचे. बास्सानो गावच्या रेमोंदिनी या छापखान्याची चित्रे या कामासाठी वापरली जात. लोक या प्रकाराला 'लाक्का पोवेरा', म्हणजे गरिबांची लाखकाम, म्हणू लागले. नाव हिणवणारे असले तरी त्या वस्तू आज संग्रहालयांत जपून ठेवल्या आहेत.

इंग्लंडमधील मेरी डिलेनी या बाईंची गोष्टही सांगण्यासारखी आहे. त्यांचा जन्म १७०० सालचा. दुसऱ्यांदा वैधव्य आल्यानंतर, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांनी रंगीत कागद कापून फुलापानांची चित्रे करायला सुरुवात केली. एकेका फुलासाठी कागदाचे शेकडो बारीक तुकडे कापून त्या काळ्या कागदावर चिकटवत. दृष्टी साथ देईनाशी झाली तेव्हाच, १७८२ मध्ये, त्यांनी हात थांबवला. तोवर साडेनऊशेहून अधिक चित्रे झाली होती. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तेव्हा 'आता या वयात कुठे शिकत बसू?' असे कोणी म्हणू नये.

आणि आपल्याकडे तरी कागद चिकटवणे नवे आहे का? जुनी रद्दी भिजवून, मेथीची पूड घालून कुटायची आणि त्या लगद्याने बुरुडाच्या टोपल्या नि सुपे लिंपायची, हे काम आपल्या आज्यांनी केलेलेच आहे. ट्रंकेच्या झाकणाला आतून देवाचे चित्र चिकटवलेले तुमच्यापैकी अनेकींनी पाहिले असेल. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांवर जरीचे, कापडाचे तुकडे आणि टिकल्या चिकटवून ती सजवण्याची रीत होती. सावंतवाडीला लाखेच्या रंगांनी गंजिफाची पाने आणि लाकडी पाट, चौरंग रंगवण्याची परंपरा आजही टिकून आहे. म्हणजे कागद, डिंक, लाकूड आणि झिलई ही चारही आपल्या ओळखीची. फक्त त्यांची मोट एका जागी बांधायची आहे.

पहिली वस्तू कोणती घ्यावी?

पहिल्याच खेपेला मोठे कपाट काढू नका. हातभर लांबीरुंदीचे स्टूल, छोटी तिपाई, आरशाची चौकट किंवा भिंतीवरची फळी, एवढेच घ्या. ज्याचा पृष्ठभाग सपाट आहे, ज्यावर नक्षी नाही, असे सामान नवशिकीला सोपे जाते. आठवडी बाजारात आंब्याच्या लाकडाची साधी स्टुले मिळतात, तीही चालतील. आंब्याचे लाकूड मऊ असते, घासायला हलके जाते, पण त्याला कीड लवकर लागते हे लक्षात ठेवा. बाभळीचे लाकूड टणक, घासताना हात दुखतात, पण टिकते. प्लायवूडच्या टेबलावर काम छान होते. सनमायका लावलेले असेल तर त्याची चकाकी घासून घालवावी लागते, नाहीतर काहीच धरत नाही. पत्र्याची ट्रंकही करता येते. मात्र तिचा गंज खरवडणे, त्यावर गंजरोधक प्रायमर लावणे हा वेगळा व्याप आहे. ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला घ्या.

काही वस्तू मात्र या कामाला घेऊच नयेत. पाण्याच्या हंड्याखालची तिवई, न्हाणीतले स्टूल, पोळपाट, काथवट, ज्यावर थेट अन्न ठेवतो किंवा जिथे सतत पाणी लागते असे काहीही वगळा. तसेच चांगल्या सागवानाची किंवा शिसवीची जुनी, कोरीव वस्तू असेल तर तिच्यावर कागद चिकटवणे म्हणजे पैठणीला ठिगळ लावण्यासारखे आहे. तिला नुसते स्वच्छ पुसून, तेलपाणी करून ठेवा. तिचे मोल तिच्या लाकडातच आहे.

आणखी एक गोष्ट. वस्तू कोणाची आहे हे आधी पाहा. कोपऱ्यातली ती ट्रंक सासूबाईंच्या माहेरची असेल, तो पाट मामंजींच्या आईच्या हातचा असेल. आपल्याला ते जुनेर दिसते, त्यांना त्यात एखादे माणूस दिसत असते. तेव्हा 'आत्या, ही ट्रंक मी जरा नवी करू का?' असे विचारावे आणि 'नको' म्हणाल्या तर ती तशीच ठेवावी. पुष्कळदा असे होते की विचारल्यावर त्या नाही तर म्हणत नाहीतच, उलट कोणते चित्र लावायचे ते सांगत शेजारी येऊन बसतात.

काय कापावे, काय कापू नये

चित्रांसाठी खर्च करण्याची गरज नाही. बियाण्यांच्या नि खतांच्या दुकानातून मिळालेली जुनी कॅलेंडरे, भेटवस्तूंवरचा रंगीत कागद, मासिकांची मुखपृष्ठे, जुन्या पाठ्यपुस्तकांतले नकाशे, फुलापक्ष्यांची चित्रे, सगळे चालते. वर्तमानपत्राचा कागद मात्र काही वर्षांत पिवळा पडतो आणि ओला झाला की मागच्या बाजूची छपाई पुढे दिसू लागते. तो शक्यतो टाळा. लग्नपत्रिकेचा कागद जाड असतो. त्याची मागची बाजू किंचित ओली करून अंगठ्याने चोळली की मागचा थर सुटून येतो आणि कागद पातळ होतो.

मोबाइलमधले चित्र छापून घ्यायचे असेल तर छपाई कोणत्या यंत्रावर होते ते दुकानात विचारा. शाईच्या फवाऱ्याने छापणाऱ्या इंकजेट यंत्राची शाई बहुधा पाण्याने पसरते. रंगीत झेरॉक्स किंवा लेझर यंत्राची छपाई टिकते. शंका वाटल्यास चित्राच्या कोपऱ्यावर ओले बोट घासून पाहा. बोटाला रंग लागला तर ते चित्र या कामाचे नाही.

घरातला जुना फोटो कधीही कापू नका. आजोबांचा एकुलता एक फोटो असतो, तो एकदा कातरीखाली गेला की गेला. त्याची झेरॉक्स काढा, ती कापा, आणि मूळ फोटो पुन्हा ट्रंकेत जपून ठेवा.

देवादिकांच्या चित्रांचाही विचार करावा. बसायच्या पाटावर, स्टुलावर देवाचे चित्र लावू नये. उद्या त्यावर कोणी बसणार, पाय ठेवणार, नि घरात वाद होणार. ती चित्रे देवघराच्या फळीसाठी किंवा कपाटाच्या दारासाठी राखून ठेवा. स्टुलावर फुले, वेली, मोर, राघू शोभतात. महापुरुषांच्या चित्रांनाही हाच नियम.

साहित्य

एका लहान स्टुलासाठी एवढे जमवा: लाकडाला वापरतात तो पांढरा डिंक, म्हणजे फेव्हिकॉलसारखा, लहान डबा. पॉलिश पेपर तीन प्रकारचे, ८० नंबरचा खरखरीत, १५० चा मध्यम आणि २२० चा बारीक, आणि शेवटी घासण्यासाठी ४०० नंबरचा वॉटर पेपर. एक धारदार कातर आणि एक टोकदार लहान कातर. एक इंची दोन ब्रश, एक डिंकाला आणि एक वार्निशाला. स्वच्छ सुती फडकी. एक शिवणाची सुई. पायाभूत रंग आणि पारदर्शक वार्निश.

रंग नवीन आणायलाच हवा असे नाही. दिवाळीला भिंती रंगवताना उरलेला प्लास्टिक पेंट किंवा इमल्शन डब्याच्या तळाशी असेल तर तो चालतो. डिस्टेंपर मात्र नको, त्याची भुकटी सुटते आणि त्यावर चिकटवलेला कागद भुकटीसकट निघून येतो.

काहीजणी विचारतील, मैद्याची खळ का नको? खळ स्वस्त आहे आणि कागद छान धरते हे खरे. पण ती पिठाची असल्याने कसर आणि झुरळे तिच्यावर येतात. जुने पुस्तकबांधणीवाले म्हणूनच खळीत मोरचूद टाकत. पण मोरचूद विषारी, आणि स्टूल हे लेकराबाळांच्या हाताखालचे. बोर्डो मिश्रणासाठी आणलेला मोरचूद बागेतच राहू द्या, घरात पांढरा डिंकच बरा.

कृती

पहिले काम दुरुस्तीचे. डुगडुगणारा पाय आधी पक्का करा. सांधा सैल असेल तर त्यात डिंक सोडून पातळ पाचर ठोका आणि दोरीने आवळून एक रात्र तसेच ठेवा. खिळे वर आले असतील तर ठोकून आत घाला. भोके आणि भेगा लाकडाचा बारीक भुसा डिंकात कालवून भरा, किंवा रंगाच्या दुकानातली लांबी भरा. सांधा खिळखिळा ठेवून वरून कितीही चित्रे लावली तरी सहा महिन्यांत ती सांध्यापाशी फाटणार.

स्टूल उलटे करून कीड आहे का तेही बघा. बारीक भोकांखाली पिठासारखी ताजी पूड पडत असेल तर आत कीड जिवंत आहे. अशी वस्तू घरातल्या इतर सामानापासून दूर करा आणि आधी सुताराला दाखवा. पोखरलेला भाग बदलता येत असेल तर बदलावा, आतून फारच पोकळ झाले असेल तर ते चुलीत जाणेच बरे. पण पिकावर मारायचे औषध उरले आहे म्हणून ते स्टुलावर फवारू नका. शेतातले औषध घरातल्या लाकडासाठी नसते. आणि औषधाची रिकामी बाटली किंवा डबा डिंक कालवायला, ब्रश धुवायला कधीही घेऊ नका, कितीही वेळा धुतलेला असला तरी.

मग घासणे. आधी ८० नंबर, मग १५०, मग २२०. नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासा, आडवे घासले की ओरखडे उठतात. स्टुलावर जुना ऑइलपेंट असेल तर सावध राहा. जुन्या रंगांत शिसे असायचे. ते पोटात गेले तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. आपल्या देशात घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासू नका. पाणी लावून वॉटर पेपरने घासा, तोंडाला फडके बांधा, पोरांना दूर ठेवा, आणि निघालेला रंगाचा चिखल कागदात गोळा करून टाका. तो अंगणात, कोंबड्या चरतात तिथे पडू देऊ नका.

पुसून वाळले की रंगाचे दोन पातळ हात द्या. पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा. फिका रंग घेतला तर चित्रे उठून दिसतात. पांढरट, फिकट पिवळा किंवा हिरवा चांगला.

रंग वाळेपर्यंत चित्रे कापा. कापताना कातर स्थिर ठेवून कागद फिरवायचा, म्हणजे वळणे गोल येतात. चित्राच्या आतले रिकामे भाग आधी कापा, बाहेरची कड शेवटी, म्हणजे हातात धरायला कागद राहतो. नाजूक देठ, मिशा, बारीक पाने सुरुवातीला नकोतच. कापलेले सगळे तुकडे स्टुलावर कोरडेच मांडून पाहा. हलवा, पुन्हा मांडा. रांगोळी काढताना आधी ठिपके मांडतो, तसेच हे. सगळी जागा भरायचा मोह आवरा. मधे मोकळी जागा राहिली की चित्र श्वास घेते. मनासारखे जमले की मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, म्हणजे उचलल्यावर कोणता तुकडा कुठे होता ते विसरायला होत नाही.

आता चिकटवणे. दोन वाट्या डिंकाला एक वाटी पाणी या प्रमाणात डिंक सारखा करून घ्या. लहान स्टुलाला अर्ध्या वाटीहून कमीच लागेल, तेव्हा एकदम फार करू नका. कागद ओला झाला की फुगतो आणि पसरतो, सुरकुत्या येतात त्या यामुळेच. म्हणून कॅलेंडरचा जाड कागद असेल तर त्याची मागची बाजू ओल्या फडक्याने हलके पुसून मिनिटभर थांबा. त्याला जेवढे पसरायचे तेवढे पसरू द्या, मग चिकटवा. भेटवस्तूचा पातळ कागद मात्र आधी ओला करू नका, तो फाटतो. डिंक लाकडालाही लावा आणि कागदाच्या मागेही, अगदी कडेपर्यंत. कडा सुटल्या की सगळे सुटते.

चित्र ठेवल्यावर मधून बाहेरच्या दिशेने बोटाने किंवा ओल्या फडक्याने दाबत न्या, म्हणजे हवा आणि जास्तीचा डिंक कडेने बाहेर येईल. तो लगेच पुसा. वर एक साधा कोरा कागद ठेवून लाटणे हलकेच फिरवले तरी चालते. लहान फुगे वाळताना बहुधा आपोआप बसतात, त्यांना छेडू नका. दुसऱ्या दिवशीही फुगा राहिलाच तर सुईने टोचा, किंचित डिंक आत सोडा आणि दाबा.

सगळी चित्रे लागली की तोच पातळ डिंक ब्रशने वरूनही एकदा लावा. लावल्यावर सगळे दुधासारखे पांढरे दिसेल, घाबरू नका. वाळल्यावर काचेसारखे स्वच्छ होते. मग स्टूल चोवीस तास सावलीत ठेवा. उन्हात ठेवून घाई केली तर वरचा थर आधी वाळतो, आत ओल राहते आणि कागद सुरकुततो.

वार्निश

डिंकाचा थर पाण्याने मऊ होतो. त्यामुळे वार्निशाशिवाय हे काम अर्धवट आहे. पहिला हात पातळ, दुसरा त्याच्या आडव्या दिशेने, तिसरा पुन्हा उभा. प्रत्येक हातानंतर डब्यावर लिहिला असेल तेवढा वेळ वाळू द्या. तीन हात झाले की ४०० नंबरचा वॉटर पेपर किंचित ओला करून अगदी हलक्या हाताने फिरवा. चित्राच्या कडा हाताला लागतात त्या बसल्या पाहिजेत. जोर लावलात तर चित्रच खरवडून निघेल. पुसून, वाळवून आणखी दोन-तीन हात द्या. डोळे मिटून बोट फिरवल्यावर कागद कुठे सुरू होतो ते कळेनासे झाले, की काम साधले. जुने कारागीर यासाठी वीस-तीस हात देत. आपल्याला पाच-सहा पुरेत.

लाखेचे, म्हणजे चपड्याचे, पॉलिश अनेकींच्या माहितीचे असेल. पळस, बोर आणि कुसुमाच्या झाडांवरच्या लाखेच्या किड्यापासून ते मिळते, आपल्या विदर्भातही लाख होते. झिलई त्याची सुंदर येते. पण गरम कप ठेवला की त्यावर पांढरे वर्तुळ उमटते. म्हणून स्टुलाच्या, टेबलाच्या वरच्या भागाला वार्निश आणि चौकटीला, दाराला चपडा, असे ठेवा. तेलाचे वार्निश कालांतराने किंचित पिवळे पडते. पांढऱ्या रंगावर ते नको असेल तर पाण्यात मिसळणारे पारदर्शक वार्निश घ्या. त्याचा वासही कमी येतो.

वेळ निवडताना हवेचा विचार करा. वैशाखात दुपारी वावटळ उठते, धूळ ओल्या वार्निशावर बसते. म्हणून सकाळी लवकर काम उरका आणि वस्तू आत ठेवा. मृग लागल्यावर मात्र हात घालू नका. दमट हवेत काहीच नीट वाळत नाही, वार्निश चिकट राहते. ज्यांचे आत्ता राहून जाईल त्यांनी दिवाळीनंतर करावे.

आगीपासून जपा. टर्पेंटाइन आणि वार्निशाची वाफ पेट घेते. चुलीच्या, गॅसच्या, देवाच्या दिव्याच्या जवळ हे काम नको, दारे-खिडक्या उघड्या हव्यात. आणि हे नीट वाचा: तेलाच्या वार्निशाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकला तर तो आतल्या आत तापतो आणि काडी न लावताही पेटू शकतो. असा बोळा कोणी सहज कडब्याच्या गंजीकडे भिरकावला तर काय होईल ते सांगायला नको. चिंध्या एकेक सुट्या पसरून उघड्यावर पूर्ण वाळवा, नाहीतर पाण्यात भिजवून मगच टाका.

झालेली वस्तू वापरताना गरम पातेले थेट ठेवू नका, खाली अडणी किंवा जाड फडके घ्या. पुसायला घट्ट पिळलेले ओले फडके पुरे. राखेने किंवा काथ्याने घासू नका. कुठे ओरखडा उठला तर तेवढ्याच जागी वार्निशाचे बोट फिरवा, म्हणजे पाणी आत शिरणार नाही.

कोणासाठी करायचे?

लग्नघरात रुखवत मांडतात. त्यात रुखवत म्हणून असे एखादे स्टूल, चौकट, दागिन्यांची पेटी मांडली तर मुलीच्या हाताची कला सोयऱ्यांना दिसते. कपाट-पलंग-सोफा या यादीची गोष्ट वेगळी. मागून घेतलेली यादी ही हुंडाच आहे, आणि हुंडा घेणे-देणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. ती यादी पुरवायला विहिरीवरची जमीन गहाण टाकण्याची वेळ कोणावर येऊ नये.

पण माझे मागणे त्याहून लहान आहे. पुष्कळ घरांत मुलगी दहावी-बारावीला आली तरी पोत्याला टेकून, मांडीवर पुस्तक घेऊन अभ्यास करते. टेबल 'पुढच्या वर्षी' घेऊ म्हणतात. पुढच्या वर्षी मोटार जळते किंवा बैल आजारी पडतो, आणि टेबल पुन्हा पुढे जाते. तिच्या लग्नात सामान द्यायचे म्हणून कर्ज निघते, तिच्या अभ्यासाच्या टेबलासाठी मात्र पैसा निघत नाही. माळ्यावरचे ते ओरखडलेले टेबल खाली उतरवा. पाय पक्के करा. वर कोणती चित्रे लावायची ते तिलाच ठरवू द्या. ती महाराष्ट्राचा नकाशा लावील, जगाचा लावील, रसायनशास्त्राची कोष्टके लावील, नाहीतर नुसते पक्षी लावील. तिने निवडलेले काही या घरात आहे, एवढे तिला रोज दिसले तरी पुष्कळ. लिहायच्या जागी मात्र कागदाच्या कडा चांगल्या घासून घ्या, नाहीतर पेन अडखळते.

घासायच्या नि ठोकायच्या कामाला घरातल्या पुरुषांना आणि मुलग्यांना हाक मारा. हे बायकांचे काम आहे असे कुठे लिहिलेले नाही.

काम पुरे झाले की टेबल उलटे करून खालच्या बाजूला तारीख आणि ज्यांनी ज्यांनी हात लावला त्या सगळ्यांची नावे पेन्सिलीने लिहा आणि त्यावरही वार्निशाचा एक हात फिरवा. मृगाला अजून अवकाश आहे. रोज सकाळी तास-दीड तास दिला तर आठ-दहा दिवसांत टेबल उभे राहील आणि शाळा उघडायच्या आत पुरते वाळलेले असेल.